सावलीतल्या पुळ्या : बडोद्यातल्या एका टॅटूचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगी आमच्या शेजारची, दांडिया बाजारातली. वय २३, नोकरीचं पहिलंच वर्ष. मला काकू म्हणते. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. तिचं नाव, तिची नोकरी आणि टॅटू कुठे काढला हे मुद्दाम दिलेलं नाही. मी स्वतः एकतीस वर्षं रुग्णालयात सिस्टर होते. त्यातली शेवटची नऊ वर्षं ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करण्याच्या विभागात गेली. हे आधीच सांगते, कारण या प्रकरणात जे चुकले त्यांत मीही आहे, आणि मला चुकायला काही सबब नव्हती.

जुलै २०२४ मध्ये ती एका संध्याकाळी आली. "काकू, टॅटू काढायचाय. आई म्हणाली आधी काकूंना विचार, मग माझ्याशी बोल." उजव्या खांद्यामागे, तळहाताएवढं वडाचं झाड. पारंब्या हव्यात, मधूनमधून लाल फळं हवीत. बडोद्याचं नावच वडावरून पडलं, हे तिला लहानपणापासून आजोबांनी ऐकवलेलं. ते त्याच वर्षी मार्चमध्ये गेले. आता यावर "कशाला ते" म्हणणार कोण?

दुसरं कारण ती जरा उशिरा बोलली. ३ ऑक्टोबरला नवरात्र बसणार होतं आणि पाठ उघडी राहील अशी चोळी शिवायला टाकून झाली होती. आपल्याकडे नवरात्राच्या आधी टॅटूवाल्यांकडे गर्दी होते, हे गुजरातेत राहणाऱ्या कुणाला वेगळं सांगायला नको. नऊ रात्री गरबा, आणि पाठीवर ते दिसलं पाहिजे.

घरात आजी होत्या. त्यांच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट ठिपके, मनगटावर तुळशीवृंदावन. गोंदणारीण दारावर यायची आणि वाड्यातल्या साऱ्या बायका-मुली ओळीने बसायच्या. सुया त्याच, काजळी तीच. आमच्या गुजराती शेजारणी त्याला छूंदणां म्हणतात. "आम्हाला कुठे काय झालं?" हे वाक्य पुढच्या तीन महिन्यांत मी निदान दहा वेळा ऐकलं. सुईतून आलेली कावीळ दोन-चार महिन्यांनी उगवते. तोवर गोंदणारीण कुठल्या कुठे गेलेली असते. कोण तिची आणि काविळीची गाठ घालणार?

प्रश्न नेमका काय होता

टॅटूची शाई कातडीच्या वरच्या थरात टिकत नाही, तो थर सतत झडत असतो. म्हणून ती खालच्या थरात, साधारण एक-दोन मिलिमीटर खोल सोडावी लागते, आणि तेवढ्यासाठी सुई मिनिटाला हजारो वेळा आत-बाहेर जाते. दोन-अडीच तास असं चाललं की खांद्यावर तळहाताएवढी उघडी जखम झालेली असते. फक्त ती जखमेसारखी दिसत नाही. सुंदर दिसते. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

तिच्या बाबतीत मला चार गोष्टींची खात्री हवी होती: रक्तातून पसरणारे आजार, तिच्या कातडीची जात, रंग, आणि जखम भरायला लागणारा वेळ. पाचवी गोष्ट माझ्या यादीत नव्हती.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय तात्पुरत्या टॅटूचा होता. आईला तोच पसंत. मी त्याला अर्धा होकार दिला, अर्धा अशासाठी की नवरात्रात 'काळी मेंदी' म्हणून जे विकलं जातं त्यात बहुतेक वेळा केस काळे करायच्या डायमधलं पीपीडी असतं. खऱ्या मेंदीला काळा रंग येत नाही. पीपीडीची एकदा ॲलर्जी बसली की ती जन्माची, मग पुढे पन्नाशीत केसांना डाय लावला तर चेहरा सुजतो. स्टिकरचा टॅटू चालला असता, पण मुलीने नाक मुरडलं. "काकू, आजोबांचा वड स्टिकरचा?"

दुसरा पर्याय: दसरा उलटल्यावर, थंडीत काढायचा. घाम कमी, घाई नाही. माझं मत हेच होतं आणि मी ते सांगितलंही. पण सांगताना आवाज चढवला नाही.

तिसरा: ऑगस्टअखेर काढायचा, म्हणजे नवरात्रापर्यंत पाच आठवडे मिळतात. वरची कातडी भरायला दोन ते तीन आठवडे लागतात, आतली पूर्ववत व्हायला त्याहून बराच जास्त. पाच आठवड्यांत गरबा खेळण्याइतकी जखम भरते. यावर आमची तडजोड झाली. चौथा पर्याय, म्हणजे अजिबात नको, आईने एकदा मांडला आणि आजींनी स्वतःचं मनगट पुढे करून तो निकालात काढला.

तिच्या धाकट्या भावालाही मध्येच उमाळा आला, दंडावर त्रिशूळ काढायचं म्हणून. तो सैन्यभरतीची तयारी करतो. सैन्यात सर्वसाधारण उमेदवाराला कोपर ते मनगट या भागात हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवरच कायमचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सूट आहे. दंडावरच्या त्रिशुळाने त्याचा वैद्यकीय तपासणीतच निकाल लागला असता. त्याचा विषय तिथे संपला.

काय केलं

आधी रक्त. हिपॅटायटिस बी ची लस सरकारी लसीकरणात देशभर २०११ मध्ये आली. तिचा जन्म २००१ चा, घरात कुणाला ही लस टोचल्याचं आठवत नव्हतं. अँटीबॉडीची तपासणी केली तर संरक्षण नव्हतंच. जुलैच्या मध्याला पहिला डोस, ऑगस्टच्या मध्याला दुसरा. तिसरा सहा महिन्यांनी, म्हणजे जानेवारीत. दोन डोसांनी पुष्कळ संरक्षण मिळतं, पुरं मिळतं असं नाही. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांना लसच नाही, तिथे सुईवरच भिस्त.

मग कातडी. घरात कुणाला केलॉइड, म्हणजे जखमेपेक्षा मोठी वाढणारी जाड गाठ, होते का? नाही. तिची कान टोचलेली जागा साफ होती. डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण सपाट होता. तो मी बोटाने चाचपून बघितला. खांदा आणि पाठीचा वरचा भाग ही केलॉइडची आवडती जागा, म्हणून. सोरायसिस नाही, पांढरे डाग नाहीत. ते असतील तर सुई लागलेल्या रेषेवरही उठू शकतात. मधुमेह नाही, रक्त पातळ करणारी गोळी नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतलेलं, पण बंद करून अकरा महिने झाले होते. त्यानंतर निदान सहा महिने थांबा असं सांगतात, तेही बसलं.

रंगांवर आमचं थोडं वाजलं. टॅटूच्या सगळ्या रंगांत ॲलर्जी सर्वांत जास्त लालाची, आणि ती कधी कधी महिन्यांनी, वर्षांनीही उठते. एकदा उठली की रंग आतच असल्याने जात नाही. लाल फळं काढायची नाहीत, असं मी सांगितलं. ती रुसली, मग म्हणाली, "बरं, मग फळांऐवजी पानांमध्ये दाट सावली करते, सगळं काळं-करडं." मला हायसं वाटलं. ते करडं आमच्या कसं अंगावर येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्याबरोबर स्टुडिओ बघायला गेले. आत शिरले ती विभागाची इन्चार्ज होऊनच. कोपऱ्यात निळ्या दिव्याची पेटी होती, ब्युटी पार्लरात कंगवे ठेवतात तसली. ती बघून माझ्या कपाळाला आठी पडली, कारण त्या दिव्याने अवजारं निर्जंतुक होत नाहीत. पण आत खराखुरा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र, निघाला. तिथल्या टॅटू काढणाऱ्या मुलाला विचारलं, किती अंश, किती वेळ? "बेन, एकसो एकवीस, पंदर पाउंड, वीस मिनिट." पाकिटांवरच्या पट्टीचा रंग पालटलेला. सुया एकदाच वापरायच्या कार्ट्रिजमधल्या, सीलबंद, तारीख न उलटलेल्या, गिऱ्हाइकासमोर फोडायच्या. हातमोजे नायट्रिलचे. खुर्चीला, वायरला, फवाऱ्याच्या बाटलीला प्लास्टिकचं वेष्टण. वापरलेल्या सुयांसाठी जाड डबा. शाईच्या बाटल्यांवर बॅच नंबर आणि युरोपातल्या रासायनिक नियमांचा शिक्का. तिथे जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आहेत. भिंतीवर गुमास्त्याचं प्रमाणपत्रही होतं. गुमास्ता म्हणजे दुकान उघडायची नोंद, स्वच्छतेचा दाखला नव्हे, हे मी मुलीला बाहेर आल्यावर सांगितलं.

बधिर करायचं मलम मी नको म्हटलं. मोठ्या भागावर जास्त ताकदीचं लिग्नोकेन चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलं की ते रक्तात उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्येच अशा मलमांबद्दल इशारा दिला होता. दुखलं तर दुखू दे, मध्ये थांबू.

स्टुडिओ पास. ३० ऑगस्टची तारीख, दोन हजार आगाऊ, ते परत मिळणार नाहीत.

पूर, गणपती आणि १९ सप्टेंबर

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी शहरात शिरली. ज्यांनी ते दिवस बघितले त्यांना काय सांगायचं. रस्त्यात कमरेएवढं पाणी, आणि पाण्यातून मगरी. स्टुडिओ तळमजल्यावर. आत पाणी गेलं, दोन आठवडे बंद. मग गणपती आले. नवी तारीख मिळाली १९ सप्टेंबर, ती पण श्राद्धाचे दिवस म्हणून गिऱ्हाइकं कमी होती म्हणून. वहिनी, म्हणजे मुलीची आई, म्हणाल्या, "पक्षपंधरवड्यात नवं काही करू नये." मी मनात म्हटलं, वहिनींचं कारण वेगळं आहे पण म्हणणं बरोबर आहे. नवरात्राला चौदाच दिवस उरत होते.

मी त्या वेळी माझ्या मुलाकडे पुण्याला होते. फोनवर मुलीने विचारलं, "काकू, चौदा दिवस पुरतील ना? तो म्हणतो, पंधरा दिवसांत एकदम बरं." मी म्हटलं, "कमी आहेत. पण स्टुडिओ चांगला आहे." हे दुसरं वाक्य मी बोलायला नको होतं. पुरानंतर तो स्टुडिओ मी बघितलेलाच नव्हता.

टॅटू छान उतरला. खपली नीट धरली, पापुद्रे सुटले, तिने साबण-पाण्याने धुणं आणि मलम इमानदारीने सांभाळलं. ३ ऑक्टोबरला जखम वरून भरलेली होती. पाठ झाकणारी चोळी घाल म्हटलं, तिने पहिले दोन दिवस घातली.

पुळ्या

सहाव्या-सातव्या माळेला खाज सुटली. मग बारीक लालसर पुळ्या. घामाने घामोळं आलं, असं घरात ठरलं, आणि सात रात्री आभल्यांची चोळी पाठीला घासलेली असताना ते पटण्यासारखंही होतं. औषधांच्या दुकानातून एक ट्यूब आली, तीन औषधांची मिसळ असलेली, त्यातलं एक स्टेरॉइड. आपल्या देशात ही ट्यूब मीठ-मिरचीसारखी विकली जाते. तीन दिवस बरं वाटलं, मग पुळ्या दुप्पट झाल्या. दसऱ्यानंतर घराजवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. फरक शून्य. ताप नाही, पू नाही, फारसं दुखणंही नाही.

मी पुण्याहून परतले २२ ऑक्टोबरला. दिव्याखाली पाठ बघितली आणि मला खोडाकडे बघून थंडी वाजली. खोडावर एकही पुळी नव्हती. पारंब्यांच्या काळ्या रेघांवर नव्हती. सगळ्या पुळ्या पानांमधल्या करड्या सावलीत, सावलीच्या काठापर्यंत आणि काठाबाहेर एकही नाही. घामोळं असं नकाशा बघून येत नाही.

२५ तारखेला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. बाईंनी भिंगातून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ग्रे शेड कशात मिसळून केली?" मी एकतीस वर्षांची सिस्टर, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी चार मिलिमीटरचा तुकडा काढला आणि त्याचे दोन भाग केले. एक फॉर्मालिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, जंतू वाढवून बघण्यासाठी. हे लिहून ठेवावं असं आहे: सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला की जंतू मरतात आणि कल्चर होऊच शकत नाही. शिवाय त्यांनी लॅबला फोन करून सांगितलं की एक बशी ३० अंशांवर ठेवा. ज्याचा त्यांना संशय होता तो जंतू शरीराच्या ३७ अंशांपेक्षा थंडाव्यात बरा वाढतो, आणि न सांगता पाठवलं तर निसटू शकतो.

धनत्रयोदशीला पहिला अहवाल आला. त्यात ग्रॅन्युलोमा हा शब्द होता, म्हणजे चिवट जंतूला किंवा परक्या वस्तूला घेरायला शरीर करतं ती पेशींची बारीक गाठ, आणि खाली क्षयरोगाची शक्यता वगळावी अशी ओळ. घरात दिवाळी विझली. वहिनी पणत्या लावायच्या थांबल्या, आजींनी देवाला हात जोडले, वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सिस्टर, हे लग्नाच्या वेळी सांगावं लागेल का?" मी त्यांच्यावर चिडले, आणि मग मला त्यांची कीव आली.

६ नोव्हेंबरला कल्चर आलं: मायकोबॅक्टेरियम चेलोनी. क्षयाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद, पण क्षय नव्हे. माणसाकडून माणसाला लागत नाही. तो राहतो पाण्यात. नळाच्या, टाकीच्या, फिल्टरच्या पाण्यात, नळ्यांच्या आतल्या बुळबुळीत थरात. क्लोरीनला सहज दबत नाही. प्यायल्याने निरोगी माणसाला काही होत नाही, तेच पाणी सुईने कातडीखाली घातलं की होतं. साधी अँटिबायोटिक्स त्याला लागू पडत नाहीत, आणि स्टेरॉइडच्या मलमाने त्याचं फावतं.

पाणी आलं कुठून

पुरावा मिळाला तो मुलीच्या फोनमध्ये. स्टुडिओने त्या दिवशी रील काढली होती, गाणं-बिणं लावून. मी ती थांबवून थांबवून आठ वेळा बघितली. हातमोजे ठीक, कार्ट्रिज समोर फोडलं, प्लास्टिक सगळीकडे. आणि मग कारागीर एका साध्या पाण्याच्या बाटलीतून शाईच्या वाट्यांमध्ये थेंब टाकतो: एका वाटीत दोन, दुसरीत पाच, तिसरीत आठ-दहा. काळ्याचं करडं असंच होतं. वाट्या निर्जंतुक, शाई शिक्क्याची, सुई निर्जंतुक, आणि वरून पाणी.

मुलगी आणि मी त्याला भेटायला गेलो, भांडायला नाही. मुलगा ऐकून पांढरा पडला. पाणी फिल्टरचं होतं, पुरात भिजलेलं मशीन सुकवून परत लावलेलं. पूर्वी तो बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरायचा, ते त्या महिन्यात मिळालं नाही. "पण बेन, फिल्टरचं पाणी आपण पितो."

त्याला मी सांगितलं ते असं. डिस्टिल्ड म्हणजे क्षार काढलेलं, निर्जंतुक नव्हे. बाटली उघडून आठवडा झाला की आत काय वाढतंय ते देव जाणे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला २०११-१२ मध्ये याच जंतूने १९ जणांना असंच गाठलं होतं. तिथे तर शाई तयार करड्या रंगाचीच विकत घेतलेली. बनवणाऱ्याने ती पातळ करायला डिस्टिल्ड पाणी वापरलं होतं. म्हणजे सीलबंद करडी शाई घेतली की प्रश्न मिटला असंही नाही, पण इंजेक्शनसाठी मिळणाऱ्या निर्जंतुक पाण्याच्या छोट्या कुप्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात, एका गिऱ्हाइकाला एक फोडायची आणि उरलेली टाकायची.

पुरामुळेच झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. १९ तारखेचं पाणी केव्हाच वाहून गेलं होतं, त्याची तपासणी कुणी केली नाही. कदाचित पूर आला नसता तरी झालं असतं. फिल्टरच्या टाकीला पुराची गरज नसते.

निर्णयाचे क्षण, आणि मी आज काय वेगळं करेन

ऑगस्टमध्ये स्टुडिओत उभी असताना मी सगळं विचारलं आणि 'कशात मिसळता' एवढं विचारलं नाही. हे कसं निसटलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्या विभागात पाण्याचा प्रश्नच नसायचा, अवजारं शेवटी वाफेतून निघायची. टॅटूच्या टेबलावर मात्र शेवटची गोष्ट जी सुईला लागते ती वाफेतून आलेली नसते. माझी नजर अवजारांवर घडलेली, द्रवांवर नाही. फवाऱ्याच्या बाटलीला प्लास्टिक गुंडाळलेलं बघून मी खूश झाले. आत काय आहे हे विचारायचं सुचलं नाही, आणि तेही फिल्टरचंच होतं.

लालाऐवजी करडं हा निर्णय मी आजही चूक मानत नाही. लालाची ॲलर्जी झाली असती तर औषधाने गेली नसती. पण एक धोका कमी करताना दुसरा वाढवतोय का, हे विचारायला हवं होतं. नुसत्या रेघांचा वड काढला असता तर शाईत पाणी लागलंच नसतं.

तारीख हा खरा तिढा होता. ३० ऑगस्ट हुकल्यावर पुन्हा पहिल्यापासून विचार करायला हवा होता, आणि आम्ही फक्त दिवस पुढे सरकवला. दोन हजार गेले असते, चोळी शिवलेली होती, मैत्रिणींना सांगून झालं होतं. कुणी मुद्दाम चूक केली नाही. प्रत्येक वेळी थोडंसं सोडलं. आणि जो स्टुडिओ पूर येऊन गेल्यावर उघडतो तो नवा स्टुडिओ समजायचा, जुनी पाहणी रद्द. मी पुण्यात होते तर तिला रीलऐवजी एक व्हिडिओ कॉल करायला सांगता आला असता.

नवरात्राने दुखणं बिघडवलं नाही, पण लपवलं. टॅटू सप्टेंबरमध्येच काढला असता पण पुढे नवरात्र नसतं, तर पुळ्या उठल्या त्या दिवशी कुणी घामोळं म्हटलं नसतं. निदानाला जे पंधरा-सोळा दिवस गेले ते घामाच्या नावावर गेले. स्टेरॉइडच्या ट्यूबबद्दल मी वहिनींना बोलले नाही. त्यांनी मला फोन केला होता, मी म्हटलं होतं, "लावा, आणि कळवा."

जे बरोबर झालं तेही नोंदवते. लस आधी सुरू केली होती म्हणून बिलांमध्ये आणि काळजीत निदान एक ओळ कमी झाली. बॅच नंबरचा फोटो मुलीच्या फोनमध्ये होता, तो डॉक्टरांना उपयोगी पडला. पुळ्या फक्त करड्या भागात आहेत हे आम्ही फोटोंवर तारखा घालून दाखवू शकलो. आणि डॉक्टरबाईंनी बायोप्सीचे दोन भाग केले. ते केले नसते तर घरात क्षयाची औषधं सुरू झाली असती की काय, हा विचार अजून अंगावर काटा आणतो.

पुढे काय झालं

क्लॅरिथ्रोमायसिन आणि सोबत आणखी एक औषध, कल्चरच्या अहवालात जे लागू दिसलं ते. पाच महिने. तोंडात सतत पत्र्याची चव, सकाळचा चहा तिला कडू लागायचा. जानेवारीपर्यंत पुळ्या बसल्या, एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात औषध थांबलं. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या ऑक्टोबरात, जानेवारीत आणि मार्चअखेर केल्या. तिन्ही वेळा निकाल स्वच्छ. लसीचा तिसरा डोस ठरल्या वेळी झाला.

ती कॉलेजपासून रक्तदान करते. टॅटूनंतर बारा महिने रक्त देता येत नाही हे तिला आधी माहीत होतं, आम्ही ते बोललोही होतो. या औषधांमुळे डॉक्टरांनी परत सुरू करण्याआधी विचारायला सांगितलं आहे.

पानांच्या जागी आता फिकट, थोडे खोलगट डाग आहेत. खोड आणि पारंब्या मात्र पहिल्या दिवसाइतक्या ठसठशीत. ती काही दिवस लेझरने काढून टाकायचं म्हणत होती. डॉक्टरांनी सांगितलं, आत जंतू उरला नाही याची खात्री होईपर्यंत निदान काही महिने त्या कातडीला हात लावू नका, आणि लेझरही एका फेरीत होत नाही, सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने कितीतरी वेळा यावं लागेल. परवा आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पानगळ झाल्यासारखा दिसतो गं." वडाला तशी पानगळ नसते, पण कुणी काही बोललं नाही. रेघांवर रेघा घालून पानं परत काढता येतील का, असं तिने मला विचारलं आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.